जूनमध्ये नको, ऑगस्टच्या शेवटी जा

‘मावशी, लग्नाआधीपासून आम्ही दोघं दर उन्हाळ्यात ऑन्टारिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये कनू (वल्ह्यांची हलकी, निमुळती होडी) घेऊन जातो. मुलगा आता आठ महिन्यांचा आहे, वजन आठ किलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवसांचा फेरा ठरवलाय. सहा पोर्टेज (दोन तळ्यांमध्ये कनू आणि सामान उचलून चालायचे टप्पे) आहेत, सगळ्यांत लांब दीड किलोमीटरचं. आता नवरा ऐनवेळी नाही म्हणतोय. सांगलीहून आलेल्या सासूबाई “तान्ह्या पोराला घेऊन रानात कुठं निघालीस?” म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्याच नाहीत. मूल झालं म्हणजे मी संपले का? की मी खरंच स्वार्थी आहे?’
– वल्हं खुंटीला लागलेली, मिसिसागा

अगं, स्वार्थी कसली? आठ महिने रात्री-अपरात्री उठणाऱ्या बाईला चार दिवस पाण्यावर जावंसं वाटलं, तर त्यात चुकलं काय? पण तुझ्या पत्रात बाळाबद्दल दोन ओळी आहेत आणि मार्गाबद्दल पाऊण पान (ते मी इथे कापलंय). जी ट्रिप तू बाळाच्या आधी केली असतीस तीच तू ठरवलीयस. बाळाला फक्त सामानाच्या यादीत घातलंयस.

आधी वजनाचं बोलू. कॅनडात मान्यता असलेलं सर्वांत लहान मापाचं लाइफ जॅकेट साधारण ९ किलोपासून सुरू होतं, आणि तेवढं वजन होईपर्यंत बाळाला बोटीत नेऊ नका असा सरकारी सल्ला आहे. तुझा लेक आठ किलोचा. म्हणजे जूनचा प्रश्न मिटला, त्यासाठी सासूबाईंशी भांडायचीही गरज नाही. जॅकेट घेताना मोठी कॉलर, पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे धरून उचलायची मूठ, हे तिन्ही बघ. आणि एक चूक मी हौशी लोकांना करताना पाहिली आहे, ती तू करू नकोस. बाळाला कॅरियरमध्ये छातीशी बांधून वल्हवायचं नाही. कार सीटही कनूला बांधायची नाही. कनू उलटली तर बाळ सुटं तरंगलं पाहिजे, तुझ्यात किंवा सीटमध्ये अडकलेलं नको.

दुसरं कारण ब्लॅक फ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत त्यांचं राज्य असतं, हे तुला मी काय सांगू? पण आपण ‘चावली’ म्हणून ओरडतो, बाळाला ते सांगता येत नाही. चावते तेव्हा फारसं कळतही नाही, मग कानामागे रक्ताचा ओघळ दिसतो. त्यात या वयाला किडे पळवायचं औषध हवं तसं चोपडता येत नाही. सहा महिने ते दोन वर्षं या वयात डीट (त्या औषधातला मुख्य घटक) १० टक्क्यांपर्यंतच, दिवसातून एकदाच, आणि चेहऱ्याला, हातांना अजिबात नाही. मग काय, पाच दिवस पोर जाळीत?

आता नवऱ्याकडे येते, कारण त्याच्यावर तू अन्याय केलायस. तू त्याला ‘भित्रा झालाय’ लिहिलंस. जरा हिशेब कर. पूर्वी तो कनू उचलायचा, तू पिशवी, मग परत येऊन उरलेलं न्यायचात. आता बाळ तुझ्या अंगावर, म्हणजे तुझ्या हातात फार तर वल्ही. कनू, मोठी पिशवी आणि जेवणाचं पिंप असं तीनदा त्यालाच न्यायचंय. तीन खेपा जायच्या, दोन परतीच्या. दीड किलोमीटरचं पोर्टेज त्याच्यासाठी साडेसात किलोमीटर होतं! तोवर तू डासांत बाळाला घेऊन उभी. त्याने हा हिशेब मनात केला असणार. नुसतं ‘नको’ म्हणून गप्प बसला, ही मात्र त्याची चूक.

माझी थोरली अकरा महिन्यांची असताना आम्ही याच पार्कमधल्या ओपिओंगो या मोठ्या तळ्यावर गेलो होतो. सकाळी पाणी आरशासारखं होतं. दुपारी वारा सुटला आणि तळं समुद्रासारखं उसळायला लागलं. मिळेल त्या किनाऱ्याला लागलो आणि दोन तास खडकावर बसलो, पोरगी जॅकेटमध्ये चिडून लालबुंद. तेव्हापासून माझा नियम असा आहे की बाळ बरोबर असेल तर वल्हवायचं ते सकाळी, काठाकाठाने, आणि तेही तासभरच.

म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा धर. किडे बरेच कमी झालेले असतात, पाणी उबदार असतं, आणि तोवर लेकाने ९ किलो ओलांडले असतील. नसतील तर पुढचं वर्ष. दोन रात्री, शून्य पोर्टेज. पार्कमधल्या ‘कनू लेक’ नावाच्या तळ्यावरच कनूने जायच्या तंबूच्या जागा आहेत, तिथेच तंबू ठोक. तिथे कॉटेजेस आहेत, मोटरबोटी दिसतात. तुला ते आवडणार नाही, ‘हे काय रान आहे?’ म्हणशील. पण हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर माणूस असणं यंदा चांगलं. तासाभरात धक्क्यावर परत येता येतं, आणि हंट्सव्हिलचं हॉस्पिटल पुढे गाडीने तासाभराच्या आत आहे. तरीही सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने घेच, फोनच्या भरवशावर राहू नकोस.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. पार्कच्या आतल्या भागात खाऊन-पिऊन फेकायच्या डबे-बाटल्यांना बंदी आहे, त्यामुळे बाळाच्या खाण्याच्या काचेच्या बरण्या तशाही चालणार नाहीत. नाचणीसत्त्व आणि तांदूळ-मूगडाळीची भरड प्लास्टिकच्या पिशवीत ने. पाणी चांगलं खळखळ उकळू दे. डायपर पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत, सगळे परत आणायचे. त्यासाठी घट्ट बंद होणारी वेगळी पिशवी घे आणि ती नवऱ्याच्या पायाशी ठेव.

रात्री गार होईल. बाळाला स्लीपिंग बॅगमध्ये घालू नकोस, तोंडावर आली तर गुदमरेल. अंगात कपड्यांचे थर आणि खाली जाड चटई. सुती काही नको, ओलं झालं की गारठा धरून बसतं. खरी लोकर ओली झाली तरी ऊब देते.

सासूबाईंना विणता येतं, हे तू पत्रात जाता जाता लिहिलंयस. त्यांना लोकर आणून दे आणि लेकासाठी स्वेटर आणि कानांवर येणारं टोपडं विणायला सांग. कुठे घालणार ते आधीच सांग, लपवू नकोस. आणि माप एक नंबर मोठंच घ्यायला सांग, ऑगस्टला अजून तीन महिने आहेत.