जुनं ग्राफिक्स कार्ड बदलू, की अख्खा पीसीच नवा घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात राहता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. पीसी २०२० चा. त्यात आय५-९४००एफ प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, चार जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि फुल एचडी ६० हर्ट्झचा मॉनिटर. व्हॅलोरंट हा गेम नीट चालतो, पण सायबरपंक २०७७ मार्चपर्यंत कमी सेटिंगवर बरा चालायचा आणि एप्रिलपासून अडखळायला लागला. हातात तीस हजार आहेत. दुकानदार म्हणतो कार्ड बदला, मित्र म्हणतो पीसीच बदल.

मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात कार्डावर एक रुपयाही घातला नसता. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘एप्रिलपासून’ हा आहे. कार्ड काही एका महिन्यात म्हातारं होत नाही. एप्रिलमध्ये सोलापुरात एकच गोष्ट बदलते, ती तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा हीटसिंकमधून, म्हणजे चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांमधून, फिरवतो. डिसेंबरमध्ये खोली पंचवीस अंशांवर असते आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली चाळिशी गाठते. हा पंधरा अंशांचा फरक जवळजवळ तसाच्या तसा चिपवर जाऊन बसतो. तुमच्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या त्या काळातल्या बऱ्याच कार्डांना ८३ अंशांच्या आसपास मर्यादा घालून दिलेली असते. तिथे पोचलं की कार्ड जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतं. तुम्हाला पडद्यावर दिसतं ते फक्त अडखळणं.

माझं घर पूर्व भागात आहे, भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. २०१८ मध्ये मी आय५-८४०० आणि सहा जीबीचं जीटीएक्स १०६० घेतलं होतं. २०२१ च्या मेमध्ये त्याचं हेच सुरू झालं. वीस मिनिटं खेळलं की फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, निम्म्यावर. तेव्हा क्रिप्टोचं मायनिंग (कार्ड जुंपून आभासी चलन कमावणं) आणि चिपचा तुटवडा यांमुळे कार्डांचे भाव दुप्पट-तिप्पट झाले होते, तरी मी उसनवारी करून नवं घ्यायला निघालो होतो. वडील माग दुरुस्त करणारे, जॉबर. ते म्हणाले, "माग अडकला की माग बदलतोस का रे? आधी धोटा बघ, कांडी बघ. खोल की ते." कार्डाचं पंख्याचं आवरण काढलं तर आतल्या पात्यांवर सुताच्या धुरळ्याचा थर बसलेला, बोटानं उचलला तर जाड कापडासारखा सलग निघाला. हवा आत जायला फटच उरली नव्हती. तो काढला, चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी, पण वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. ८६ वर जाणारं कार्ड ७३ वर थांबलं. त्यावर मी आणखी दोन वर्षं काढली, आणि त्या दोन वर्षांत भाव खाली आले.

म्हणून आधी साफसफाई. पण गॅरेजमधल्या किंवा कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा सरळ मारू नका. तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात. लहान हँड ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरा, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. पेस्ट बदलायला हीटसिंकचे स्क्रू थोडेथोडे, तिरक्या क्रमानं सैल करा. मेमरी चिपवरचे मऊ पॅड असतील ते फाटू देऊ नका. कार्डाची वॉरंटी एव्हाना संपलीच असणार, त्यामुळे स्क्रूवरच्या स्टिकरची काळजी नको. हात थरथरत असेल तर नव्या पेठेत किंवा तुमच्या भागात लॅपटॉप खोलणारा माणूस शोधा, पण समोर बसून करून घ्या.

मग मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर फुकट चालतं. पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे लावा: कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान, कार्डाची मेमरी आणि प्रोसेसरचा वापर. जमल्यास रॅमही. दुपारी दोन वाजता अर्धा तास खेळा आणि तोच भाग रात्री उशिरा पुन्हा खेळा. रात्री नीट आणि दुपारी अडखळत असेल तर दुखणं उष्णतेचं, तिथे नवं कार्डही त्याच कॅबिनेटमध्ये त्याच अवस्थेला जाईल. दोन्ही वेळा कार्ड ९७-९९ टक्के आणि प्रोसेसर निवांत असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभराला टेकलेला असेल तर कितीही महाग कार्ड लावा, फ्रेम तेवढेच येतील. सायबरपंकमध्ये गर्दीच्या चौकात हे हमखास दिसतं. तुमच्या ९४००एफला सहा कोर आणि सहाच थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी सहाच कामं. त्या गेममध्ये गर्दीची घनता कमी करायचं सेटिंग आहे, ते आधी खाली आणून बघा.

रॅमबद्दल मात्र मोजायचीही गरज नाही. २०२३ मध्ये सायबरपंकच्या निर्मात्यांनी किमान गरजा वाढवल्या: बारा जीबी रॅम, सहा जीबीचं जीटीएक्स १०६० आणि गेम ठेवायला एसएसडी. तुम्ही रॅम आणि कार्ड दोन्हींत किमान रेषेच्या खाली आहात. आठ जीबीची एकच पट्टी म्हणजे जागा कमी आणि मेमरीचा रस्ताही एकपदरी. दुसरी आठ जीबी डीडीआर४ पट्टी, शक्यतो त्याच वेगाची, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवा. २०२५ च्या शेवटी डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा वापरलेली पट्टी घ्यायलाही हरकत नाही. रॅममध्ये फिरणारे भाग नसतात, आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट एक रात्र लावून ठेवलं की खरं-खोटं कळतं. गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. अर्धे झटके तिथेच जातात.

एवढं करून कार्डाची मेमरी चार जीबीला चिकटलेली दिसली, तर आता खरंच कार्डाचा विचार करा. मेमरी भरली की कार्ड जास्तीचा माल मुख्य रॅममधून ओढतं, तो रस्ता फार हळू असतो, आणि भिंतींवरची चित्रं आधी धूसर दिसून मग उमटतात. टेक्स्चर (पृष्ठभागांवरच्या चित्रांची बारकाई) कमी करून, एफएसआर (लहान चित्र काढून मोठं करणारं सेटिंग) लावून काही दिवस निघतील. डीएलएसएस हे एनव्हिडियाचं तसलंच तंत्र तुमच्या कार्डावर मिळणार नाही, त्याला आरटीएक्स मालिकेचं कार्ड लागतं. आणि २०२५ मध्ये आलेल्या डूम: द डार्क एजेससारख्या काही गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होता येत नाही. तिथे १६५० ची हद्द संपते.

आता कार्ड की पीसी. माझं मत स्पष्ट आहे: आधी कार्ड, पीसी नंतर. कार्ड पुढच्या मदरबोर्डवर तसंच उचलून लावता येतं. तुमच्या जुन्या सॉकेटवर, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसर-बोर्डावर, घातलेला पैसा मात्र तिथेच राहतो. मी २०२३ मध्ये त्याच आय५-८४०० वर आरएक्स ६६०० लावलं, आणि २०२५ मध्ये प्रोसेसर-बोर्ड बदलले तेव्हा तेच कार्ड पुढे नेलं. त्या दुसऱ्या बदलानं सरासरी फ्रेम फारसे वाढले नाहीत, पण मधले झटके गेले. दोन टप्प्यांत खर्च केला म्हणून घरात कुणाकडे हात पसरावा लागला नाही. तुमचा ९४००एफ विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून पीसी बदलायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

कुठलं कार्ड? तुमच्या बोर्डाचा पीसीआयई, म्हणजे कार्डाला जोडणारा रस्ता, जुन्या ३.० पिढीचा आहे, हे विसरू नका. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, पण त्याला त्या रस्त्याच्या चारच लेन आणि चारच जीबी. तुमच्या बोर्डावर ते गुदमरतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० यांना आठ लेन असतात. तुमच्याकडे थोडं नुकसान होईल, पण चालण्यासारखं. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबी देतं म्हणून मोह होतो, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते. तुमचा नवव्या पिढीचा. तेव्हा आठ जीबीचं, या तिघांच्या पातळीचं कार्ड ही तुमची वरची हद्द समजा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर साठाच्या वरचे फ्रेम तुम्हाला दिसणारच नाहीत, मग त्यांचे पैसे कशाला मोजायचे? कॉलेजात ब्लेंडरमधलं थ्रीडी काम किंवा एआयचं काही करत असाल तर बारा जीबीचं आरटीएक्स ३०६० वापरलेलं शोधा, त्याला सोळा लेनही आहेत.

पण त्या तीस हजारांतून पहिले पैसे पॉवर सप्लायसाठी बाजूला काढा. इथे मी हट्ट धरतो. जीटीएक्स १६५० ला साधारण ७५ वॉट लागतात, बहुतेक मॉडेलना ते सगळे मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात, म्हणून कॅबिनेटसोबतचा सप्लाय आजवर तग धरून आहे. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट आणि आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट, वेगळ्या वायरीसह. तुमच्या सप्लायला सहा अधिक दोन पिनांची वायर आहे का बघा. नसेल तर जोडणी करून देणारे अडॅप्टर वापरू नका. आमच्याकडे शेजारचे माग एकदम सुरू झाले की दिवे मिणमिणतात. असल्या विजेवर स्वस्त सप्लाय गेला तर जाताना कार्डही घेऊन जातो. चांगल्या नावाचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ५५० वॉटचा घ्या. तो पुढच्या पीसीलाही चालेल. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॉटच देतो, त्यात मॉनिटरही मोजा. सप्लायला आत्ता पैसेच नसतील तर सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० हा मधला मार्ग आहे: ७० वॉट, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, डीएलएसएस मिळतं. वेग मात्र ६६०० पेक्षा बराच कमी.

वापरलेलं घेणार असाल तर माझी चूक करू नका. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात कार्डांचा पूर आला. त्या दिवाळीत मी एका विक्रेत्याकडून आठ जीबीचं कार्ड बिलाशिवाय, दहा मिनिटं डेस्कटॉप बघून घेतलं. महिन्याभरात पडद्यावर रंगीत चौकोन यायला लागले आणि विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. आता मी बिल आणि सिरियल नंबर जुळवल्याशिवाय पैसे काढत नाही. कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क अर्धा तास लावतो, पंख्यांचा आवाज ऐकतो, जीपीयू-झेड उघडून खरं मॉडेल बघतो. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ असं काही दिसलं तर ते मूळ ५८० नाही, त्यात २३०४ ऐवजी २०४८ च स्ट्रीम प्रोसेसर असतात. आणि जीटीएक्स १० मालिका, अगदी १०८० टीआयसुद्धा, आता घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ नंतर तिला नव्या गेमचे ड्रायव्हर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

नवं घेताना पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटर बाजारात भाव कमी मिळतो, हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघून एका दिवसात काम होतं. तरी फरक हजार-बाराशेचाच असेल तर मी सोलापुरातल्या दुकानदाराकडून घेतो. वॉरंटीत कार्ड गेलं की ते पाठवायला आणि परत आणायला कुणीतरी इथलं लागतं. जीएसटीचं बिल दोन्हीकडे मागाच.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठीच. तुमच्या प्रोसेसरच्या नावातलं ‘एफ’ म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. १६५० काढलं की मॉनिटर काळा. गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून ते आधी विकू नका, विशेषतः सबमिशन तोंडावर असताना. नवं कार्ड घरी येऊन दोन-तीन दुपारी नीट चालू दे, मग जुन्याचा सौदा करा. साफसफाई आणि रॅमनंतरचे ते चार आकडे, दुपारचे आणि रात्रीचे, खाली लिहा. मी बघून सांगतो.