आजीला नुसती ‘सोशिक’ लिहू नका

प्रश्न : आमची आजी या उन्हाळ्यात गेली. नव्वदी केव्हाच उलटली होती, पण नेमकं वय कुणालाच ठाऊक नाही. धानाची कापणी आटोपली की ती डोंग्यातून वैनगंगा ओलांडून पलीकडच्या गावांत नाटक पाहायला जायची, कधी कधी घरी न सांगताही. आजोबांशी त्यावरून भांडणं व्हायची. भिंतींवर गेरू-चुन्याने बैल, मोर, लग्नाची वरात काढायची. नातवंडांची सायकल घेऊन उतारवयात सायकल शिकली. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. काका म्हणतात, ‘सोशिक, देवभोळी, कुटुंबवत्सल’ एवढं लिहा, नाटकाचं नको. काय करावं?
– एक नात, ब्रम्हपुरी तालुका

उत्तर : ताई, काकांचे तिन्ही शब्द गावातल्या कोणत्याही म्हातारीच्या फोटोखाली चालतील. तुमची आजी त्यात सापडणार नाही. डोंगा लिहा, भांडणं लिहा. घरी न सांगता गेली तेही लिहा, कारण रात्री नदी ओलांडायला काय धाडस लागत असेल ते तिच्या वयाच्या बायकांनाच कळेल.

नाटकाची लाज कशाला? झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, लेकी-जावई येतात, आणि रात्री नाटक सुरू झालं की पहाटेपर्यंत चालतं. बायका बोऱ्या अंथरून लेकरांसकट बसतात. माझी मावशी पुढे बसायची आणि खलनायक मंचावर आला की त्याला तोंडावर शिव्या द्यायची. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे काकांना जरूर सांगा. आणि विचारा, लहानपणी ते स्वतः कुणाच्या मांडीवर झोपून नाटकाला गेले होते? त्यांची ती आठवण त्यांच्याच शब्दांत छापा. त्यांचा विरोध तिथेच निवळेल असं मला वाटतं.

वयाचं म्हणाल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक मिळतं का पाहा. आपल्याकडे जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असत. मुलीचं नाव न लिहिता नुसती ‘अमक्याला मुलगी’ अशी नोंद असू शकते, म्हणून पणजोबांच्या नावाने शोधा. नाहीच सापडली, तर थोरल्या अपत्याच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून मागे अंदाज बांधता येतो.

बाकीच्या गोष्टींना तारखा नसतील, पण खुणा असतील. म्हाताऱ्यांना ‘कोणत्या साली’ असं विचारू नका. तिचं लग्न झालं तेव्हा राजधानी नागपूर होती का, ते विचारा. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि नागपूर त्याचीच राजधानी. ती वडशाला छोट्या लाइनच्या (नॅरोगेज) गाडीने कधी गेली का? गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी नदीचे दोन्ही काठ चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच होते, तेव्हा ‘दुसऱ्या जिल्ह्यात जायची’ असं कुणी सांगितलं तर ती गोष्ट नंतरची.

एका कामाला मात्र उशीर करू नका. भिंतींवरची चित्रं शाबूत असतील तर दिवाळीच्या सारवण-पोतण्याआधी त्यांचे फोटो काढा. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा बोटांचे फराटे नीट उमटतात. शेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे मोर किती मोठा ते कळेल. गेरू कुठून आणायची, काळा रंग काजळीचा की आणखी कशाचा, हे तिच्यासोबत बसलेल्या शेजारणीला विचारून घ्या.

मैत्रिणी असतील तर त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लिहिताना झाडीबोली पुस्तकी करू नका. ‘नाटक पाहाले चाल’ असं ती म्हणाली असेल तर तसंच राहू द्या. आजोबांच्या रागालाही जागा द्या. त्यांना दोषी ठरवायचं कारण नाही, पण तिला कुणाची परवानगी मागावी लागत होती हे वगळलं तर तिचं जाणं फार सोपं वाटेल.

टाइप मोठा ठेवा, तिच्या वयाच्या डोळ्यांना वाचता आलं पाहिजे. आणि नदीपलीकडे जिथे ती नाटकाला जायची, तिथे कच्चा मजकूर छपाईआधीच नेऊन वाचून दाखवा. तिला ओळखणारी माणसं तिथेही असतील, आणि घरी न सांगता गेलेल्या रात्रींचं तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असेल.