वाचकांचे प्रश्न : शोधप्रकल्पाचा विषय केवढा असावा?

प्रश्न : मी एका ग्रामीण महाविद्यालयात एम. ए. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या सत्रात आहे. शोधप्रकल्पासाठी मी ‘विदर्भातील सोयाबीन उत्पादकांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय दिला होता. मार्गदर्शक सरांनी ‘विषय आवर’ एवढेच सांगून तो परत केला. त्यांच्याकडे बरेच विद्यार्थी असल्यामुळे पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सरांचे म्हणणे बरोबर आहे. राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात शोधप्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. तेवढ्या अवधीत एकट्या विद्यार्थिनीने ११ जिल्ह्यांच्या समस्या अभ्यासणे शक्य नाही. शिवाय ‘समस्या’ हा विषय झाला, उत्तर शोधता येईल असा संशोधनाचा प्रश्न नव्हे. (‘चिकित्सक अभ्यास’ ही शेपटी तर खुशाल काढून टाकावी.)

समजा, आपण असे विचारले : आपल्या तालुक्यातील दोन गावांत सोयाबीन काढणीनंतर लगेच कोण विकतो, कोण थांबतो आणि का? कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. तरीही माल लगेच विकला जात असेल, तर कारण कृषी केंद्राची उधारी आहे, हरभऱ्याच्या पेरणीचा खर्च आहे, गोदामापर्यंतचे भाडे आहे की दाण्यातील ओलावा, हे शोधण्यासारखे आहे. मात्र आपल्या बाजार समितीत ही योजना प्रत्यक्ष चालते का, हे आधी पाहून यावे. चालत नसेल तर प्रश्नच बदलेल. आणखी एक काळजी अशी की, केवळ लगेच विकणाऱ्यांनाच भेटून हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्यांनी सांगितलेल्या अडचणी थांबलेल्यांनाही असू शकतात. त्यामुळे दोन्ही गटांतील कुटुंबे, शक्यतो सारख्याच जमीनधारणेची, निवडावीत.

सोंगणी आणि मळणीच्या दिवसांत कुणाला बोलायला उसंत नसते, म्हणून प्रश्नावली आताच तयार करून चार-पाच घरी तपासून घ्यावी आणि मुख्य भेटी दिवाळीनंतर, संध्याकाळी कराव्यात. शेतकरी उत्पन्न पोत्यांत आणि जमीन एकरांत सांगतात, बाजार समितीची नोंद क्विंटलमध्ये असते आणि सरकारी तक्ते हेक्टरमध्ये. पोते किती किलोचे, हे प्रत्येक वेळी विचारून लिहिले नाही तर पुढचे सगळे गणित चुकते. उधारीचा प्रश्न शेवटी विचारावा आणि अहवालात कुणाचेही नाव घालू नये.

ग्रंथालयातील जुने प्रकल्प रचना समजण्यासाठी अवश्य वाचावेत, पण उतरवू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम पदव्युत्तर प्रबंधिकांनाही लागू आहेत आणि १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास काम परत येऊ शकते.

राहिला संकोच. मार्गदर्शन हा सरांच्या कामाचाच भाग आहे, तो उपकार नव्हे. मात्र ‘सर, पुढे काय करू?’ असे न विचारता, प्रश्न, निवडलेली गावे, कुटुंबे निवडण्याची रीत आणि अडलेल्या दोन गोष्टी एका पानावर लिहून न्याव्यात आणि उठण्यापूर्वी पुढच्या भेटीचा दिवस ठरवून घ्यावा.