साखरेचा माग फडापर्यंत

प्रश्न : आमचा नाचणीच्या बिस्किटांचा लहानसा उद्योग असून गेल्या वर्षापासून आमचा माल जर्मनीला जातो. साखर कुठून येते आणि तिच्यामागे बालमजुरी किंवा वेठबिगारी नाही ना, हे तिथल्या आयातदाराने आता लेखी मागितले आहे. व्यापाऱ्याने साखर कारखान्याचे गुणवत्ता प्रमाणपत्र दिले आहे. तेवढे पुरेल का?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : पुरणार नाही, आणि पुरू नये असेच माझे मत आहे. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. तो मोठ्या कंपन्यांसाठी असला, तरी त्या कंपन्या तीच विचारणा पुढे आपल्या पुरवठादारांकडे करतात.

तुमच्या हातातले प्रमाणपत्र कारखान्याच्या आवारातले आहे. ऊस तोडणारी माणसे त्या आवाराबाहेर, फडात असतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्यांचा व्यवहार बहुधा मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी, होत असल्याने कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे सापडत नाहीत. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, टनामागची मजुरी त्या उचलीत वळती होते आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. कामाचा दिवस चुकला की खाडा पडतो, त्याचा दंड कापला जातो. पाळीच्या किंवा आजारपणाच्या दिवसांतही बाई पहाटे अंधारात कोयता घेऊन उभी राहते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, ती या खाड्याच्या धाकाने. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तुमच्या आयातदाराचा खरा प्रश्न या बायांविषयी आहे, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

म्हणून व्यापाऱ्याकडून आधी कारखान्याचे नाव घ्या आणि कारखान्याच्या शेतकी विभागाकडे तोडणी-वाहतुकीच्या करारांची माहिती मागा. जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, स्वतः फडावर जा. उचलीचा हिशेब मजुराला लिहून मिळतो का, आजारपणात खाडा लागतो का, मजुरांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) पाणी आणि शौचालय आहे का, शाळेच्या वेळी मुले कुठे असतात, हे मुकादम जवळ नसताना एखाद्या बाईने बायांनाच विचारावे. उत्तरे वाईट मिळाली म्हणून लगेच दुसऱ्या कारखान्याची साखर घेऊ नका, कारण त्याने तुमचे कागद स्वच्छ होतील आणि त्या बाया तिथेच राहतील. आधी सुधारणेची मुदत ठरवून घ्या.

आणि आयातदारालाही स्पष्ट लिहा, की आजारपणाची रजा दंडाविना द्यायची तर तिचा खर्च होतो आणि त्यातला वाटा त्याने बिस्किटांच्या दरात उचलला पाहिजे. आज जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असेच त्या पत्रात नोंदवा आणि फडावर केव्हा जाणार त्याचा महिना खाली लिहा.