घरमालक पार्किंग तोंडी कबूल करून आता नाकारतोय; भाडेकरारात उल्लेख नाही. कोर्टात सांगता येईल का?

सांगता येईल, पण बाजू लंगडी आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 95 (जुन्या कायद्यातलं 92) : लेखी कराराला छेद देणारा तोंडी पुरावा चालत नाही, करार ज्यावर गप्प आहे आणि जे त्याच्याशी विसंगत नाही, ते मात्र सिद्ध करता येतं. मेख अशी की दस्त किती औपचारिक आहे हे कोर्ट बघतं. कायद्यातलंच उदाहरण घ्या : कार्डावर नुसतं ‘खोल्या, महिना इतके’ लिहिलं असेल तर जेवणाचं तोंडी ठरलेलं सिद्ध करता येतं, वकिलाने केलेल्या स्टँपवरच्या वर्षभराच्या करारात जेवणाचा उल्लेख नसेल तर नाही. तुमचा करार नोंदणीकृत असणार, म्हणजे दुसऱ्या गटातला. फसवणूक झाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तोंडी पुरावा चालतो. नूतनीकरणाच्या वेळी पार्किंगचा नंबर करारात टाकून घ्या.