वाचक विचारतात : काठावर राहिलेली तंगूस

प्रश्न : रविवारी खडकवासल्याच्या काठावर एक ढोकरी लंगडताना दिसली. पायात काचेसारखा पारदर्शक दोरा गुंतला होता. जवळ गेलो तशी ती उडाली, दोरा मागे लोंबतच होता. हा मांजा असेल का? अशा वेळी काय करावं? माझा मुलगाही तिथे गळ टाकून बसतो, म्हणून जास्तच लागलं.
— एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर : मांजा बहुतेक रंगीत असतो आणि झाडात, तारांवर सापडतो. पाण्याकाठचा पारदर्शक दोरा म्हणजे तंगूस, मासे धरायचा गळ ज्याला बांधतात तो दोरा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तंगुशीवर ती नाही, आणि असावी असंही मला वाटत नाही. पण तिचा गुंता काठावर फेकून निघून जाणं मला सहन होत नाही.

ढोकरी, बगळे, शेकाट्या हे चिखलात चालणारे पक्षी. पाऊल उचललं की बोटं मिटतात, टेकलं की पसरतात. त्यात तंगुशीचा वेढा बसला की पक्षी पाय झटकतो आणि वेढा आणखी आवळतो. मग पाय सुजतो. अशा पायाकडे जवळून पाहिलं तर कधी कधी दोरा दिसतच नाही. बोटाच्या बुडाशी एक बारीक खाच असते आणि तिच्यापुढचं बोट काळं पडलेलं. रक्त पोचेनासं झालं की ते गळून जातं. लोंबता दोरा एखाद्या बाभळीत अडकला तर पक्षी उलटा लटकून उपाशी मरतो. पुण्याजवळ कवडीपाटला नदीवर तर काठाला कचरा, पाण्यात जलपर्णी. त्यात ही तंगूस आपल्यालाही दिसत नाही, पक्ष्याला कुठून दिसणार?

उडू शकणाऱ्या पक्ष्यामागे धावू नका. फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. ढोकरी ठरलेल्या जागी पुन्हा येते, त्यामुळे या माहितीचा उपयोग होतो. पक्षी उंच झाडाला लटकला असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. हाताशी आलाच, तर अंगावर जुनी चादर टाकून उचला, आणि त्याची चोच तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा. बगळ्याच्या जातीचे पक्षी भाल्यासारखी चोच मारतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. पाणी, खाणं काही देऊ नका. तोंडातून दोरा बाहेर आला असेल तर ओढू नका, कारण आत गळ असू शकतो. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, ओढलं की तो आतलं फाडत येतो. दोरा थोडा बाहेर राहू द्या, डॉक्टरांना त्यावरूनच माग लागतो. आणि पायातला दोरा कापला म्हणून लगेच सोडूनही देऊ नका. रक्त अडलेल्या पायाचं खरं नुकसान पुढच्या काही दिवसांत दिसतं.

आता मुलाबद्दल. त्याला गळ टाकू द्या. खडकात अडकून तुटलेली तंगूस दर वेळी सोडवता येत नाही, हे मान्य. पण गाठ पडली म्हणून काठावर कापून टाकलेली त्याच्या हातातलीच असते. पिशवीत एक झाकणाची बाटली ठेवायला सांगा. तंगूस घरी आणून कात्रीने बोटभर तुकडे करायचे, म्हणजे कचऱ्यातही कुणाच्या पायात वेढा बसणार नाही. गळ बुडावा म्हणून तंगुशीला लावतात ते शिशाचं वजन, ते शिसंही पाण्यात टाकू नये. बदकं खड्यांबरोबर ते गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. ब्रिटनमध्ये हंस असेच मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री तिथे बंद केली गेली.

आणि मोडके गळ सुक्या कचऱ्यात सुटे टाकू नका. तुमच्या सोसायटीतला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटात ते घुसतात. त्याच बाटलीत भरून झाकण घट्ट लावा, वर ठळक अक्षरात 'गळ' लिहा आणि ती त्यांच्या हातात वेगळी द्या.