वाचक विचारतात : अंगारा लावा, पण वाट पाहू नका

या वेळी ऑटिझमबद्दलची (स्वमग्नतेबद्दलची) तीन पत्रं निवडली. तिन्हींत मुलाबद्दल चार ओळी आणि लोक काय म्हणतील याबद्दल पानभर मजकूर होता. छापताना पत्रं थोडक्यात दिली आहेत.

मुलगा दोन वर्षं नऊ महिन्यांचा. हाक मारली तर वळत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो. बोट दाखवून मागत नाही, माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं. गावाहून अंगारा आणलाय, आणि आता लशीचा पुढचा डोसही नको म्हणतात. डॉक्टरांकडे गेलो तर कायमचा शिक्का बसेल का? – एक आई, ऐरोली

ग्रहण, आईची नोकरी, लस, यांतल्या कशानेही ऑटिझम होत नाही. मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी होत जाते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. लशीच्या भीतीचं काय होतं ते अमेरिकेतल्या मिनेसोटात दिसलं. तिथल्या सोमाली कुटुंबांत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण 2004 मध्ये 92 टक्के होतं, ते 2014 पर्यंत 42 टक्क्यांवर आलं. 2017 मध्ये गोवराची साथ आली. तेव्हा डोस चुकवू नका. अंगाऱ्यावरून मात्र सासूबाईंशी वाद घालू नका. अंगारा लावा, फक्त गुण येईल म्हणून थांबू नका.

पहिली तपासणी कानांची. शिट्टीला कान झाकतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. काही आवाज पोचतात, काही पोचत नाहीत. या वयात बेरा चाचणी करतात (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते ती मोजते) आणि तिला मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला आधी झोपू दिलंत तर फेरी फुकट जाते. मग मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ गाठा. वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मोबाइलवर सापडणारी एम-चॅट ही ऑटिझमच्या प्राथमिक चाचपणीची 20 प्रश्नांची यादी 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तुमचा मुलगा 33 महिन्यांचा झाला, तिचे गुण धरून बसू नका.

घरी मात्र आजच सुरुवात करा. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, जमिनीवर त्याच्यासमोर बसा. तो ज्या खेळण्याशी खेळतो तेच घ्या. गाड्या असतील तर पुढची गाडी आपल्या हातात ठेवा, ‘गाडी’ एवढंच म्हणा, मनात पाचपर्यंत मोजा, मग द्या. त्याने नुसतं पाहिलं, हात पुढे केला, तरी ते मागणंच झालं. चुकतं ते इथेच : ‘हे काय? सांग ना!’ असा भडिमार तरी होतो, नाहीतर दोन मोजायच्या आत वस्तू देऊन टाकतात. आणि इंग्रजीसाठी मराठी सोडू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. जिला इंग्रजी जड जातं ती आई मुलाशी बोलतेच कमी.

निदान झालं म्हणजे शिक्का बसला असं नाही. सरकारी प्रमाणपत्र वेगळं, ते तुम्ही अर्ज केलात तरच मिळतं.

आमच्या सोसायटीत नायजेरियन कुटुंब भाड्याने राहतं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा लिफ्टची बटणं दाबत राहतो, किंचाळतो, एकदा गेटबाहेर पळाला. आई म्हणते, प्रार्थनेने बरा होईल. काही सभासद म्हणतात, त्यांच्यात जादूटोणा चालतो. सोसायटीने काय करावं? – सचिव, खारघर

जादूटोण्याचं आधी बोलू. उत्तर घानात काही ठिकाणी वेगळ्या मुलाला ‘आत्म्याचं मूल’ समजत; नायजेरियात आरोग्य कर्मचाऱ्यांतही दैवी कोपाचं कारण सांगणारे भेटले आहेत. पण महाराष्ट्रालाही जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये करावा लागला, तेव्हा सभासदांनी नाकं मुरडू नयेत. आणि आफ्रिकेचं चित्र एवढंच नाही. इथिओपियात झेमी येनुस या ऑटिस्टिक मुलाच्या आईने 2002 मध्ये अदीस अबाबात देशातलं पहिलं ऑटिझम केंद्र काढलं. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा अभ्यासक्रमही (नऊ गटसत्रं, तीन घरभेटी) त्या देशात राबवून पाहिला गेला आहे.

दोष आईवरच येतो, म्हणून ती गप्प राहते. कमिटीने घोळक्याने जाऊ नये, नोटीस तर अजिबात लावू नये. शेजारची एखादी मुलांची आई एकटी जाऊ दे. ‘काल तो बाहेर पळाला, काळजी वाटली. त्याला काय आवडतं, काय सोसत नाही?’ एवढं विचारलं तरी पुरे. ‘याला ऑटिझम आहे’ हे सचिवाने सांगू नये. ती प्रार्थनेला जाते तर जाऊ द्या. तपासणीचं नंतर, ती स्वतःहून बोलू लागली की.

वॉचमनला शिकवा : मागून पकडायचं नाही, ओरडायचं नाही, एकदा नावाने हाक मारून बाजूने चालत यायचं. मुलाचा फोटो आणि आईचा नंबर तिच्या संमतीने गेटच्या वहीत ठेवा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावा : टाकी, तरणतलाव, होल्डिंग पाँड. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि बुडण्याचा धोका मोठा असतो. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप नसेल तर ते आजच लावा. तो किंचाळतो तेव्हा भोवती जमू नका, व्हिडिओ काढू नका, लिफ्टमध्ये चढायची घाई करू नका.

नऊ वर्षांच्या नातवाला ऑटिझम आहे. सून दिव्यांग प्रमाणपत्र काढू म्हणते, पण आमच्या मुलीचं लग्न जमवायचंय म्हणून आम्ही थांबवलंय. – आजोबा, नौपाडा, ठाणे

काढू द्या. प्रमाणपत्र दारावर पाटीसारखं लागत नाही. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथे 40 बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. एकूण 70 पासून ऑटिझम धरतात. घोटाळा असा होतो की आजी-आजोबा कौतुकाने ‘तसा हुशार आहे हो’ म्हणत राहतात आणि गुण कमी पडतात. वाईट दिवसाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. दिव्यांगत्व किमान 40 टक्के ठरलं तर जुन्या करपद्धतीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. केंद्र सरकारच्या निरामय योजनेत ऑटिझम असलेल्यांना एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे.

स्थळाला दुसऱ्या भेटीतच सांगा, साखरपुड्यानंतर कळलं तर ती फसवणूक वाटते. विचारलं तर हेही सांगा : ऑटिस्टिक मुलाच्या सख्ख्या धाकट्या भावंडात ऑटिझमची शक्यता साधारण पाचात एक असते, आत्याच्या मुलांत ती बरीच कमी. लग्नात नातवाला मागच्या खोलीत बसवू नका. बँड वाजायच्या आधी कानांवर हेडफोन लावा, अर्धा तास मांडवात बसू द्या, मग कुणीतरी त्याला घरी न्या.